कन्फेशनच्या रांगेतून परत फिरणाऱ्यांसाठी: देवाच्या दयेवर भरवसा ठेवायला सुरुवात कुठून करायची

माझ्या पुढे फक्त दोन जण उरले होते आणि मी कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपुढे पापं सांगून देवाची माफी घ्यायच्या, रांगेतून बाहेर पडले. उपवासकाळातला शुक्रवार होता, क्रुसाची वाट ही प्रार्थना नुकतीच संपली होती, बायका घराकडे निघाल्या होत्या आणि मी पण त्यांच्यात मिसळून गेटबाहेर आले, कुणाला काही कळलं नाही. असं मी ९ वर्षं केलं. दरवर्षी रांगेपर्यंत जायचं नि परत फिरायचं, रविवारी मिस्साला बसायचं पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठायचं नाही, शेजारच्या बाईने बघितलं तर आज नाश्ता उशिरा झाला, ख्रिस्तप्रसादाआधीचा उपवास मोडला म्हणून सांगायचं.

कारण सांगते. वसईतली आमची वाडी विकायची की नाही यावरून घरात वाद झाला आणि मी पप्पांशी बोलणं सोडलं. चौदा महिने. त्यांचे मिस कॉल यायचे, मी उचलत नव्हते. मग एक दिवस भावाचा फोन आला आणि पप्पा गेले होते. त्यानंतर कुणी कितीही सांगितलं की देव दयाळू आहे, मला वाटायचं असेल, बाकीच्यांसाठी असेल, पण जिथे माफी मागायची ते माणूसच गेलं, आता देवाला कुठल्या तोंडाने भेटायचं.

आता मी धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवते, मुलांच्या आया बोलता बोलता सांगतात तेव्हा कळतं की रांगेतून परत फिरणारे किती आहेत. कुणी गर्भपात केलेला असतो, कुणाचं दारूचं, कुणाचं मोबाईलवर काय काय बघायचं, कुणी भावाचा वाटा खाल्लेला असतो. सगळ्यांचं वाक्य एकच, मला आतून भरवसाच वाटत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला ९ वर्षांनी कळलं ते असं की भरवसा आधी वाटायची वाट बघत बसलं तर आयुष्य जातं. भरवसा करायचा असतो, पायांनी चर्चपर्यंत जाऊन, तोंडाने बोलून, हातातल्या मण्यांनी, आणि मन त्याच्या मागून येतं, कधी पटकन, कधी खूप उशिरा.

पहिलं काम, देव कसा आहे हे परत वाचा

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यातला देव हा लहानपणी आपल्याला ओरडणाऱ्या कुठल्यातरी मोठ्या माणसासारखा दिसतो. तो बदलायचा तर शुभवर्तमान उघडावं लागतं, दुसरा उपाय मला माहीत नाही. लूकचा १५ वा अध्याय, बापाचा पैसा उडवून कंगाल झालेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट, तुम्ही शंभर वेळा ऐकलीय, तरी एकदा पेन्सिल घेऊन बसा. डुकरं राखताना तो मुलगा घरी जाऊन काय बोलायचं ते पाठ करतो, बापा मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला तुझ्या एखाद्या मजुरासारखं ठेव. आता तो घरी पोचल्यावर काय बोलतो ते बघा. पहिली दोन वाक्यं बोलतो. मजुराचं वाक्य कुठेच नाही. तिथे बाप नोकरांना हाक मारून उत्तम झगा आणायला सांगतोय. त्याआधी मुलगा अजून लांब असतानाच बापाने त्याला पाहिलंय आणि धावत जाऊन गळ्याला मिठी मारलीय, म्हणजे मुलाने तोंड उघडायच्या आधी मिठी झालेली आहे. मी ही जागा वाचली तेव्हा मला ते मिस कॉल आठवले. बाप रोज वाटेकडे बघत असतो, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती.

दुसरी जागा योहानाच्या शुभवर्तमानातली. येशूचा शिष्य पेत्र त्याला तीन वेळा नाकारतो, मी याला ओळखत नाही म्हणतो, तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, थंडी असते, तो शेकत उभा असतो, हे १८ व्या अध्यायात आहे. मग पुनरुत्थानानंतर २१ व्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकामे, पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभं आहे, जाळ्यात १५३ मोठे मासे, आणि किनाऱ्यावर काय आहे तर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर. येशूने पेत्राला त्याच वासापाशी परत आणलं, आधी न्याहारी करा म्हणाला, आणि मग तीन वेळा विचारलं माझ्यावर प्रीती करतोस का. तीन नकारांना तीन होकार. आमच्याकडे पाचूबंदरच्या किनाऱ्यावर ज्याने पहाटेच्या होड्या बघितल्यात त्याला ही न्याहारी डोळ्यासमोर येईल. पैसे घेऊन येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने पण पस्तावा केला होता, पैसे परत नेऊन टाकले होते, पण तो परत येशूकडे गेला नाही. पेत्र आणि यहूदा यांच्यात मला तरी एवढाच फरक दिसतो.

आठवडाभर रोज एक तुकडा वाचा, जास्त नको. आणि रात्री स्तोत्र १३६ मोठ्याने म्हणा, त्यात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी त्याची दया सनातन आहे हेच येतं. कंटाळा येईल. दहाव्या ओवीपर्यंत तोंडच बोलत असतं, तरी पुढे जा.

येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे

हे वाक्य ज्या चित्राखाली असतं ते तुमच्या घरात नसेल तर आजीच्या घरात नक्की असेल, पांढऱ्या झग्यातला येशू, एक हात आशीर्वादाला वर, छातीतून दोन किरण, एक लाल एक फिकट. लाल म्हणजे रक्त आणि फिकट म्हणजे पाणी, क्रुसावर त्याच्या कुशीत भाला खुपसला तेव्हा बाहेर आलं ते.

हे चित्र ज्या सिस्टरमुळे आलं ती पोलंडमधली फाउस्टीना कोवाल्स्का, जन्म १९०५, दहा भावंडांत तिसरी, शाळा तीन वर्षंसुद्धा धड नाही. मठात तिचं काम स्वयंपाकघर, बाग आणि गेट उघडणं. २२ फेब्रुवारी १९३१ ला प्वोत्स्क शहरातल्या मठात तिला येशूचं दर्शन झालं आणि असं चित्र काढून घे, खाली हे वाक्य लिही असं सांगितलं गेलं. तिला चित्र काढता येत नव्हतं. १९३४ मध्ये विल्नियसला तिचे आत्मिक मार्गदर्शक फादर मिखाल सोपोच्को यांनी एका चित्रकाराकडून ते काढून घेतलं आणि तयार चित्र बघून ती रडली, कारण तिने पाहिलेला येशू याहून कितीतरी सुंदर होता. तेव्हा तिला आतून उत्तर मिळालं की या चित्राची थोरवी रंगात किंवा ब्रशात नाही, माझ्या कृपेत आहे. क्षयाने ती १९३८ मध्ये ३३ व्या वर्षी क्राकूवला वारली. पुढे १९५९ मध्ये तर रोमने ही भक्ती पसरवायला मनाई केली, तिच्या लिखाणाची भाषांतरं चुकीची झाली होती, आणि ती मनाई १९७८ पर्यंत राहिली. १९ वर्षं! मग ३० एप्रिल २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत जाहीर केलं आणि ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून सगळ्या चर्चला दिला. आपण दोन आठवडे प्रार्थना करून काही झालं नाही म्हणून सोडून देतो ना, तेव्हा मला ही १९ वर्षं आठवतात.

करायचं काय तर हे वाक्य दिवसातल्या एका ठरलेल्या जागी बांधून टाका. मी दुपारी ३ चा अलार्म लावलाय, कारण येशूने प्राण सोडला ती वेळ, ऑफिसात असले तर अलार्म बंद करताना मनात एवढंच म्हणते आणि परत कामाला लागते. पाच सेकंद. ज्या दिवशी काहीच वाटत नाही त्या दिवशी हे वाक्य खोटं होत नाही, उलट त्याच दिवशी ते खरं लागतं, कारण भावना असताना तर कुणीही म्हणेल.

मण्यांवरची प्रार्थना

दैवी दयेची जपमाळ नेहमीच्याच रोझरीच्या माळेवर म्हणायची, वेगळी विकत घ्यायला नको. सुरुवातीला एक हे आमच्या स्वर्गातील बापा, एक नमो मारिया, एक विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना. मग प्रत्येक दशकाच्या, म्हणजे दहा मण्यांच्या गटाच्या, आधीच्या मोठ्या मण्यावर, हे सनातन पित्या, आमच्या आणि सर्व जगाच्या पापांचं प्रायश्चित्त म्हणून मी तुझा परमप्रिय पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याचं शरीर आणि रक्त, आत्मा आणि देवत्व तुला अर्पण करते. दहा लहान मण्यांवर, त्याच्या दुःखद यातनांखातर आमच्यावर आणि सर्व जगावर दया कर. असं पाच वेळा. शेवटी तीनदा, पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवान देवा, पवित्र अमर देवा, आमच्यावर आणि सर्व जगावर दया कर. झालं. मराठी शब्द धर्मग्रामाप्रमाणे, म्हणजे पॅरिशप्रमाणे, थोडे वेगळे असतात, तुमच्या चर्चच्या पुस्तिकेत आहेत तसे म्हणा, त्यावरून वाद घालू नका.

सात-आठ मिनिटं लागतात. मी सकाळच्या गाडीत नायगाव सुटलं की सुरू करते, खाडीचा पूल येतो तेव्हा दुसरं-तिसरं दशक चालू असतं, मीरारोडच्या आसपास संपते. माळ बाहेर काढायची नसेल तर बोटांवर मोजा, दहा बोटं त्यासाठी पुरतात. आणि एक बघा, यात प्रत्येक वेळी आमच्यावर आणि सर्व जगावर आहे, माझ्यावर नाही. ९ वर्षं मी माझ्याच पापाभोवती फिरत होते, या एका शब्दाने मला त्यातून बाहेर ओढलं, डब्यातल्या सगळ्यांसाठी म्हणता म्हणता मीही त्यात आले.

घरात कुणी शेवटच्या आजारात असेल तर उशाशी बसून ही नक्की म्हणा, हळू आवाजात, त्यांचा हात धरून. ऐकू येतंय की नाही याचा विचार करू नका.

आता कन्फेशन

इथे जरा सविस्तर सांगते कारण अडतं ते इथेच.

आदल्या रात्री अर्धा तास काढा. आधी पवित्र आत्म्याला विनंती करा की मला दाखव, मग दहा आज्ञा एकेक घेत स्वतःला विचारा. कागदावर लिहिलं तरी चालतं, फक्त नंतर फाडून टाका. मोठं पाप कशाला म्हणायचं तर चर्च तीन गोष्टी बघते, गोष्ट गंभीर होती का, ती गंभीर आहे हे मला पूर्ण माहीत होतं का, आणि मी स्वतःच्या मर्जीने केली का. तिन्ही असतील तर ते सांगायलाच हवं, काय केलं आणि साधारण किती वेळा. बाकीची लहानसहान सांगितली तर चांगलंच.

पस्ताव्याबद्दल लोक उगाच घाबरतात, रडू आलं नाही म्हणजे पस्तावा नाही असं काही नसतं. हे केलं ते वाईट होतं, मला नको आहे ते, आणि पुन्हा करायचं नाही असा आज माझा इरादा आहे, एवढं पुरे. नरकाच्या भीतीने आला असलात तरी या संस्कारासाठी तो पस्तावा चालतो, प्रेमापोटी असेल तर उत्तमच. इरादा म्हणजे गॅरंटी नाही. उद्या परत घसरेन अशी भीती असणं वेगळं आणि उद्या करायचं ठरवून येणं वेगळं.

जाताना गर्दीची वेळ टाळा. पवित्र आठवड्यातल्या रांगेत फादरांना पण वेळ कमी असतो, बऱ्याच वर्षांचं असेल तर सरळ चर्चच्या ऑफिसात विचारून वेळ मागून घ्या. ओळखीच्या फादरांची लाज वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जा, त्यात काही चूक नाही. आत गुडघे टेकल्यावर क्रुसाची खूण करायची आणि शेवटचं कन्फेशन कधी केलं ते सांगायचं. सगळं विसरलं असेल तर हे एक वाक्य घेऊन जा, फादर, खूप वर्षं झाली, कसं करायचं ते आठवत नाही, मला मदत करा. मी हेच बोलले होते. लाकडी जाळीच्या पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही, मग फादर म्हणाले, बरं झालं आलीस, घाई नाही. गुडघ्याखालच्या फळीचं रेक्झिन एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि मी पूर्ण वेळ त्यातून दिसणाऱ्या स्पंजकडे बघत बोलले.

जे सगळ्यात जड आहे ते सगळ्यात आधी सांगा. शेवटाला ठेवलं की ते तोंडातच राहतं. गोष्ट लांबवू नका, दुसऱ्याने काय केलं ते सांगू नका, नवऱ्याची पापं सांगायला आपण गेलेलो नसतो. मराठीत बोला, सामवेदी बोलणारे फादर असतील तर सामवेदीत बोला, ज्या भाषेत चूक केली त्या भाषेत सांगितलं की बरोबर शब्द सापडतात. ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, बिशपना नाही, चर्चच्या कायद्यात हे बंधन पूर्ण आहे, कुठलाच अपवाद नाही, मुद्दाम मोडणारा धर्मगुरू स्वतःच चर्चमधून बहिष्कृत होतो.

मग ते प्रायश्चित्त देतील, तुम्ही पस्ताव्याची प्रार्थना म्हणायची, पाठ नसेल तर आपल्या शब्दांत, माझ्या देवा, तुझं मन दुखावलं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, तुझ्या कृपेने पुन्हा पाप टाळायचा मी प्रयत्न करीन. आणि मग ते वाक्य येतं, मी तुला तुझ्या पापांची क्षमा करतो, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन म्हणायचं. मी आमेन म्हणायला विसरले आणि फादरांनी वाट बघितली.

प्रायश्चित्त त्याच दिवशी करा. कुणाचे पैसे किंवा जमिनीचा वाटा घेतला असेल तर तो परत करणं हेही यातच येतं, नमो मारिया म्हणून ते फिटत नाही, हे वसईत तरी स्पष्ट सांगायला हवं. एखादं मोठं पाप खरंच विसरलात तर ते पण माफ झालं, आठवेल तेव्हा पुढच्या कन्फेशनला सांगायचं. मुद्दाम लपवलं तर मात्र सगळंच अडतं.

आणि तेच पाप परत झालं तर? परत जायचं. तेच शब्द, तेच फादर, तीच लाज. लोक म्हणतात की मग हा खेळच झाला, पाप करा नि माफी घ्या. देव माफ करणारच आहे म्हणून आधीच ठरवून पाप करणं हेसुद्धा पापच आहे, चर्च तसंच शिकवते, पण झगडून झगडून हरलेला आणि परत उठलेला माणूस तो खेळ करत नसतो. दारूवाल्याने दारू सोडायला मदत करणाऱ्या एए ग्रुपला जावं, मोबाईल रात्री हॉलमध्ये ठेवावा, जे साधं करता येतं ते करावं.

नंतरचे दिवस

कन्फेशननंतर तिसऱ्या दिवशी मला परत सगळं आठवलं, तो न उचललेला फोन, रिंगटोनसकट. वाटलं माफीच झाली नाही. मग हे शिकले की आठवण म्हणजे पाप नव्हे. पवित्र आत्मा टोचतो तेव्हा नेमकं काहीतरी दाखवतो आणि पुढे काय करायचं ते पण सुचवतो. तू वाईटच आहेस, तुझं काही होणार नाही, असं गोल गोल बोलणारा आवाज त्याचा नसतो. तो आवाज आला की मी फक्त ते एक वाक्य म्हणते आणि भाजी चिरायला घेते.

काही जणांना मात्र प्रत्येक गोष्टीत पाप दिसतं, एकच कन्फेशन चार-चार वेळा करतात, बरोबर सांगितलं की नाही म्हणून झोप लागत नाही. त्यांनी एकच फादर ठरवावे आणि ते पुरे म्हणाले की पुरे. संत इग्नासियस स्पेनमधल्या मनरेसाला असताना याच त्रासातून गेले होते, संत अल्फान्सस लिगोरींनाही तो होता, आणि कन्फेशन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत तेच आहेत. हात धुणं, मोजणं, तेच तेच तपासणं असलंही चालू असेल तर डॉक्टरकडे पण जा, त्याने श्रद्धा कमी होत नाही.

ज्यांचं माझ्यासारखं माणूसच गेलंय त्यांनी त्या माणसाच्या नावाने मिस्सा वाहावी, २ नोव्हेंबरला कबरीवर जावं आणि तिथे उभं राहून मोठ्याने माफी मागावी. संतांचा समागम, म्हणजे जिवंत आणि गेलेले सगळे देवात जोडलेले आहेत, असं आपण विश्वासांगीकारात म्हणतो ना, तो इथे कामाला येतो.

दैवी दयेचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, गुड फ्रायडेला सुरू होतो आणि दैवी दयेच्या रविवारच्या आदल्या दिवशी संपतो. रोज वेगळ्या लोकांसाठी, पहिल्या दिवशी सगळी मानवजात आणि खास करून पापी, दुसऱ्या दिवशी धर्मगुरू आणि व्रतस्थ, आठव्या दिवशी शुद्धिस्थानातले आत्मे, नवव्या दिवशी श्रद्धेत कोमट पडलेले. त्या रविवारी चर्चमधल्या दैवी दयेच्या प्रार्थनेत भाग घेतला आणि सोबत कन्फेशन, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडलेलं मन असेल तर संपूर्ण दंडमाफी मिळते, म्हणजे माफ झालेल्या पापांची उरलेली शिक्षाही माफ होते, कन्फेशन त्याच दिवशी व्हायला हवं असं नाही, काही दिवस मागेपुढे झालं तरी चालतं. फाउस्टीनाला असंही सांगितलं गेलं होतं की दुसऱ्यावर रोज दया करायची, कृतीने, नाहीतर शब्दाने, नाहीतर प्रार्थनेने. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. आधी त्यांच्या नावाने एक दशक, मग काही दिवसांनी मेसेज, मोठा नको, कसा आहेस एवढाच.

यंदा गुड फ्रायडेला नोव्हेनाच्या पहिल्या दिवशी मी आणि माझा भाऊ एका बाकावर होतो. वाडीचा विषय अजून निघालेला नाही. त्याने त्याची माळ आणली नव्हती म्हणून माझी आम्ही दोघांनी धरली, एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, आणि तो माझ्यापेक्षा जरा जलद म्हणतो म्हणून प्रत्येक दशकाच्या शेवटी त्याला माझ्यासाठी थांबावं लागत होतं.